वसंताला ते वर ढकलत होते

मंडळी, आज माझं डोकं फिरलं आहे.

इथे शिखराच्या पायथ्याशी हवा विरळ. शरीराला सवय व्हावी म्हणून आम्ही रोज थोडं वर चढतो आणि झोपायला तळावर परततो. आज सकाळी आमच्या तुकडीतल्या वसंताच्या पोटात चहासुद्धा ठरेना. उभा राहिला की झोकांड्या जात होत्या.

मोहिमेचे पुढारी रावसाहेब हसून म्हणाले, "अरे, ग्वाल्हेरचा किल्ला रोज चढतोस ना? चल, नाटक मत कर!"

वसंता ओझं उचलायला वाकला. मी ते हिसकावून घेतलं. "हा वर जाणार नाही. मी याला खाली नेतो."

"मग तूही परत येऊ नकोस!" रावसाहेब ओरडले.

खांद्याचा आधार देत त्याला खालच्या गावात आणलं. संध्याकाळी त्यानं भात मागितला, तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला. तेवढ्यात वरून रावसाहेबांचा निरोप: "तुमच्यामुळे आजचा दिवस वाया गेला." वसंता कसा आहे, हे विचारलंसुद्धा नाही!

शिखर सर झालं की आपल्या ग्वाल्हेरच्या पाटणकर बाजारात तुम्ही रावसाहेबांना हार घालाल. आजारी माणसाला वर का ढकलत होतात, हे तिथे त्यांना कोणी विचारणार आहे का?