दाजींची डावी बाजू

आमच्या कापड कारखान्यात दाजींना सगळे 'दुर्बीण' म्हणायचे. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. हे नाव काही कौतुकानं ठेवलेलं नव्हतं. विणकाम खात्यातल्या भल्याभल्यांची त्यांच्यापुढे बोबडी वळायची. सुटलेला धागा असो की मोहरीएवढा तेलाचा डाग, या माणसाच्या नजरेतून काही म्हणजे काही निसटायचं नाही. अठ्ठावीस वर्षं हेच.

तपासणीचं टेबल कसं असतं ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. तिरकी काच, तिच्याखाली दिवे, आणि काचेवरून कापड सारखं सरकत असतं. समोर दोघं जण शेजारी शेजारी बसतात. कापडाची डावी निम्मी रुंदी डावीकडच्यानं बघायची, उजवी उजवीकडच्यानं. दोष दिसला की पायाखालची पट्टी दाबायची, कापड थांबतं, मग किनारीला लाल दोरा बांधायचा. जेवणाची सुट्टी झाली की दोघांनी जागा बदलायच्या, कारण रोज एकाच बाजूला बसलं की नजर निर्ढावते. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण आमच्यात तो कुणी मोडत नसे.

मी एकोणीस वर्षं दाजींच्या शेजारी बसलो. त्यांनीच मला चिकटवलं तिथे, त्यांनीच शिकवलं, आणि शिकवताना टाळक्यात टपल्या किती मारल्या त्याला गणती नाही. "लक्ष कुठंय तुझं? अरे, लक्ष म्हणजे दानत असते माणसाची! ज्याची दानत खोटी त्याचं लक्ष उडतं!" मला हे इतकं पाठ झालं होतं की घरी माझा मुलगा अभ्यासात चुकला तरी मी हेच ओरडायचो. काय दिवे लावत होतो आम्ही, देव जाणे.

मग कापडाचं एक ठाण परत आलं. ग्राहकानं परत पाठवलेलं, वीतभर वीणच सुटलेली, आणि दोष डाव्या निम्म्यात. त्या वेळी डावीकडे दाजी बसलेले. साहेबांनी ते ठाण सगळ्यांसमोर टेबलावर आपटलं. दाजी म्हणाले, "हे माझ्या समोरून गेलेलंच नाही." खोटं बोलणारा माणूस नव्हे हा. साहेब हसले.

पुढच्याच आठवड्यात दुसरं ठाण आलं. महिन्यात तीन चुका झाल्या की तपासनिसाला उठवून बांधणीत पाठवायचे, पुठ्ठ्याच्या खोक्यांना चिकटपट्ट्या लावायला. दाजींच्या निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. ज्या विणकऱ्यांना त्यांनी अठ्ठावीस वर्षं धारेवर धरलं, त्यांच्याच डोळ्यांदेखत ते खोकी बांधत बसणार?

मी चार दिवस नीट पाहिलं. उजवीकडे बसले की दाजी बरेचसे ठीक असायचे. डावीकडे बसले की गचाळ. म्हटलं, सोपं आहे की! जेवणानंतर मी मान धरून बसलो. "दाजी, मान लचकलीय. मी आपला डावीकडेच बसतो, चालेल ना?" ते म्हणाले, "बस की, बायकी कुठला." झालं. माझी मान त्यानंतर सात महिने लचकलेलीच राहिली.

आधी मी माझा निम्मा भाग बघायचो आणि त्यांच्याकडे एक नजर टाकायचो. मग त्यांचाही थोडा. मग जवळजवळ पाऊण कापड माझंच. डोळ्यांतून पाणी यायचं संध्याकाळपर्यंत. दाजी उजव्या कडेच्या हातभर कापडाकडे टक लावून बसायचे आणि अधूनमधून मलाच सुनवायचे, "लक्ष दे!" मी मनातल्या मनात दात-ओठ खायचो. एकदा तर तोंडावर म्हणालोसुद्धा, "तुम्ही द्या आधी!" त्या दिवशी ते माझ्याशी बोलले नाहीत.

डब्याचंही तसंच. अर्धा डबा तसाच ठेवून म्हणायचे, "तुझी बहीण हल्ली देतेच कमी." मी डबा फिरवून त्यांच्यापुढे सरकवायचो, की मुकाट्यानं उरलेलं संपवायचे. आता तुम्हीच सांगा, तो डबा फिरवताना माझ्या डोक्यात उजेड पडायला हवा होता की नाही? दाराच्या चौकटीला डावा खांदा आपटायचे, डावी बाही कोपरापर्यंत वर राहायची, तेही दिसत होतं. मी म्हटलं, वय झालं. कंटाळले असतील. अक्कल गहाण टाकली होती मी.

आणि खरं सांगू? मला बरंही वाटत होतं. एकोणीस वर्षं टपल्या खाल्ल्यावर आता दुर्बिणीला मी सांभाळत होतो, आणि हे फक्त मला माहीत होतं. ताईला सांगावं असं एकदा आलं होतं ओठांवर. पण सांगितलं असतं तर ती त्यांना दवाखान्यात घेऊन गेली असती, कारखान्यात बोभाटा झाला असता, आणि मी काय तीर मारतोय तेही संपलं असतं. गप्प बसलो. कसला शहाणा!

सातव्या महिन्यात दाजी जिन्यावरून पडले. डावा पाय पायरीवर पडलाच नाही. मोठ्या इस्पितळात मेंदूचा फोटो काढला, आणि दोन दिवसांनी डॉक्टरीणबाईंनी आम्हाला तिघांना आत बोलावलं. तरुण होती, पण सावकाश बोलायची. तिनं दाजींना म्हटलं, "काका, डोळे मिटा. तुमच्या खात्याच्या दारात उभे आहात असं समजा. काय काय दिसतंय?"

दाजींनी घडाघडा सांगितलं. खिडक्या, पाण्याची टाकी, साहेबांची खोली, बांधणीचा कोपरा. सगळं उजवीकडचं. डावीकडे तीस माग धडधडतायत, त्यातला एकही नाही.

"आता समोरच्या भिंतीपाशी जा आणि दाराकडे तोंड करा."

दाजी लगेच म्हणाले, "माग आहेत. तिसरा माग नेहमी आडवा धागा सोडतो. पुढे घड्याळ, मग जिना." आता खिडक्या गेल्या, साहेबांची खोली गेली. ताईनं माझा दंड घट्ट धरला.

"आता तुमच्या टेबलावर बसा. शेजारी कोण आहे?"

"कोणी नाही," ते म्हणाले. "मी एकटाच बसतो. पलीकडे भिंत आहे."

मी त्यांच्या खुर्चीमागेच उभा होतो.

बाईंनी फोटो दाखवला. उजवीकडे मागच्या बाजूला पांढरी गाठ, लिंबापेक्षा मोठी. म्हणाल्या, "डोळे ठणठणीत आहेत यांचे. आठवणीही शाबूत आहेत, आत्ता ऐकल्यातच तुम्ही. पण जे दिसतं त्यातल्या कशाची दखल घ्यायची, ते मेंदूचा हा भाग ठरवतो. तो जास्त करून डावीकडचं सांभाळतो. आठवणीतली जागा मनात उभी करायलाही तोच लागतो. तो दाबला गेला की डावी बाजू अंधारी होत नाही, ती नसतेच. काही हरवलंय हेसुद्धा कळत नाही माणसाला. यात त्यांचा आळस नाही, निष्काळजीपणा नाही."

दाजी म्हणाले, "मला काहीही झालेलं नाही."

"ही गाठ हळू वाढते," बाई म्हणाल्या. "कधीपासून होतंय असं?"

"पंधरा दिवस," ताई म्हणाली. "घरात दारावर आपटायला लागले तेव्हापासून."

"पंधरा दिवसांत एवढी होत नाही. कामावर काही जाणवलं का कुणाला? चुका वगैरे?"

मी खाली मान घालून म्हणालो, "सात महिने." मग सगळंच ओकलो. ठाणं, जागा, मान, डबा. बाई लिहिता लिहिता थांबल्या. हळूच म्हणाल्या, तेव्हा आणलं असतं तर गाठ लहान होती, सगळी निघाली असती, आता कडेच्या रक्तवाहिनीला वेढून बसलीय. ताईनं माझा दंड सोडला.

दाजींना यातलं त्यांना सोयीचं तेवढंच कळलं. त्यांनी चेहरा उजवीकडून वळवून वळवून मला शोधलं आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, "मेहुण्या, लाज राखलीस माझी. सख्खा भाऊ करणार नाही असं केलंस." ताई उठून बाहेर गेली.

ऑपरेशन झालं. जीव वाचला, गाठ अर्धीच निघाली. डावा हात लुळा पडला, आणि डावीकडचं जग परत आलं नाही ते नाहीच. दाजी खिडकीजवळच्या खुर्चीत बसून असतात, अजूनही म्हणतात सोमवारपासून कामावर जाणार. मी भेटायला गेलो की दरवेळी तेच, लाज राखली, उपकार केले. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. तिसऱ्या वेळी ताईनं मला दारातच अडवलं.

"ये तू. येऊ नकोस असं मी म्हणणार नाही, माझा भाऊ आहेस," ती म्हणाली. "पण त्यांचे ते आभार मला ऐकवत नाहीत. यायचं असेल तर डावीकडच्या स्टुलावर बसायचं आणि तोंडातून अवाक्षर काढायचं नाही."

"ताई, ऐक ना..."

"सात महिने गप्प बसलास ना? मग बस की अजून."

दर रविवारी जातो. स्टुलावर बसतो, त्यांच्यापासून दीड हातावर. परवा दाजी एकदम म्हणाले, "अगं, मेहुणा बऱ्याच दिवसांत फिरकला नाही. रागावलाय का माझ्यावर?"

"कामात असेल," ताई म्हणाली, आणि चहाचा कप माझ्या हातात दिला.