एकदाच विचारणारी माणसं

फोन आला तेव्हा मी इथल्या आयसेलिन गावातल्या भारतीय दुकानात कोथिंबिरीच्या जुड्या खालीवर करत होते. रेवतीची रूममेट बोलत होती, इंग्रजीत, अगदी हळू. अपेंडिक्स फुटलं, अंगभर इन्फेक्शन पसरलं, हॉस्पिटलात न्यायला उशीर झाला... जुडी तशीच हातात धरून मी पार्किंगमध्ये आले. अपेंडिक्स! गल्लोगल्ली डॉक्टर असलेल्या या देशात सत्तावीस वर्षांची वकील मुलगी अपेंडिक्सनं जाते. महिना उलटून गेला, माझा संताप काही उतरत नाही.

रेवती माझ्या धाकट्या बहिणीची, कुमुदची, एकुलती एक मुलगी. सांगलीहून इथे कायदा शिकायला आली. २००६च्या उन्हाळ्यात मॅनहॅटनमधल्या एका बड्या लॉ फर्मनं तिला समर असोसिएट म्हणून घेतलं आणि ती माझ्याकडे राहायला आली. कॉलेज संपायच्या आधीचा एक उन्हाळा त्यांच्याकडे काम करायचं. पसंत पडलात तर पास झाल्यावर पक्की नोकरी, आणि नोकरी असेल तरच पुढचा व्हिसा. मामला एवढा सरळ होता, निदान आम्हाला तरी तसं वाटलं.

पोरगी हातात येईल ते वाचायची, भाकरवडीच्या पाकिटावरचं बारीक अक्षरसुद्धा. माझ्या मिक्सरच्या वॉरंटीवरून तिनं दुकानदाराशी असा वाद घातला, की त्यानं नवा मिक्सर दिला आणि वर चहा पाजला. "मावशी, न वाचता सही करतेस, कमाल आहे यार तुझी!" म्हणून मला झापायची. सकाळी निघताना अंगात काळा सूट, पायांत स्पोर्ट्स शूज, पिशवीत उंच टाचांच्या चपला आणि डबा. पोळी-भाजी, कधी थालीपीठ.

आता त्या फर्मची रीत ऐका. काम तर करायचंच, पण खरी परीक्षा जेवणाच्या टेबलावर. रोज कोणी ना कोणी वकील या मुलांना भारी रेस्टॉरंटात नेणार, संध्याकाळी बोटीवर पार्टी, सगळं फर्मच्या खर्चानं. ही आपली "नो, थँक यू" म्हणून डबा उघडून पुन्हा कामाला. जायचं नव्हतं असं नाही हो! पण आपल्याकडे पहिल्या बोलावण्याला कोणी टुणकन उठतं का? आपण नको नको म्हणायचं, समोरच्यानं आग्रह करायचा, मग संकोचत उठायचं. ती आग्रहाची वाट बघत राहिली आणि त्यांनी विचारणंच बंद केलं.

ऑगस्टमध्ये साहेबानं केबिनमध्ये बोलावलं. तुमचं काम उत्तम आहे, पण आमच्यात मिसळायची तुमची इच्छा दिसत नाही, सॉरी, ऑफर देता येत नाही. घरी येऊन ती बूटसुद्धा न काढता स्वयंपाकघरात बसली. "मावशी, एकदाच विचारलं गं त्यांनी. दुसऱ्यांदा कोणी विचारलंच नाही." कप्पाळ माझं! अहो, वकिलांचं ऑफिस आहे की वधूवर मेळावा? मुलगी कामाला वाघ, आणि तुम्ही तिला नापास केलंत, ती तुमच्याबरोबर मासे खायला आली नाही म्हणून!

"आईला सांगू नकोस," एवढंच तिनं मागितलं. कुमुदनं तोवर अख्ख्या गल्लीत पेढे वाटले होते. दुसरी नोकरी लागली की मीच सांगेन, म्हणाली. पण दुसरीकडे गेलं की पहिला प्रश्न, त्यांनी का नाही घेतलं? मग मुलाखत तिथेच संपायची. वकिलीची परीक्षा पास झालेली मुलगी शेवटी, शिक्षणानंतर मिळतो त्या वर्षभराच्या परवान्यावर, एका इमारतीच्या तळघरात तासाच्या हिशोबानं दुसऱ्यांच्या खटल्यांचे कागद वाचायला बसली. त्या कामात इन्शुरन्स नव्हता. पोटात दुखायला लागलं तर ॲसिडिटी असेल म्हणून गोळ्या चघळत राहिली. रूममेटनं बिचारीनं पुन्हापुन्हा विचारलं, ॲम्ब्युलन्स बोलवू का? तर म्हणे, नको, बिल झेपायचं नाही, उद्यापर्यंत बघू.

तेरावा माझ्याच घरी केला. तळघरात बरोबर काम करणाऱ्या मुली आल्या होत्या, त्या दिवसाची मजुरी बुडवून. रेवती आम्हाला कॉन्ट्रॅक्ट वाचून दाखवायची, असं सांगताना त्यातली एक ढसाढसा रडली. कुमुदला व्हिसा मिळाला नाही, ती येऊ शकली नाही. परवा तिचा फोन आला. बराच वेळ नुसती रडत होती, मग म्हणाली, "ताई, तेराव्याला तिच्या ऑफिसातले आले होते का गं?"

"आले होते ना. सगळे आले होते. तिचा साहेबसुद्धा."

"मोठी माणसं ती... लाजली असतील. आग्रह केलास ना?"

"केला गं," मी म्हटलं. "पोटभर जेवून गेले."