जोडी आली की सोडायची न्हाय

हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं न्हाय. आणि गोष्ट काय खून-मारामारीची न्हाय — पत्त्यांची हाय. म्हणून तर जास्त लाज वाटती.

शहरातल्या लष्करी कॅम्पात एक निवृत्त सुभेदार राहतात. रविवारी दुपारी त्यांच्या व्हरांड्यात आम्ही पाच-सहा जण पत्ते खेळतो. पैसे न्हाय, चिंचोके लावतो. खेळ सुभेदारांनी पलटणीतनं आणलेला, स्टड पोकर — आम्ही त्याला सात पानी म्हणतो. चार पानं उघडी, तीन झाकलेली. पहिली तीन बघून ठरवायचं, खेळायचं की पानं टाकून डाव सोडायचा. आणि आमच्यात पानं टाकतंय कोण? चिंचोकंच तर जाणार! सगळे शेवटपर्यंत बसतात.

अशा बैठकीत नुसत्या जोडीचा भरवसा धरायचा न्हाय. पाच जण टिकून बसले की कुणाचं ना कुणाचं जुळतंयच. तिन्ही पानं एका रंगाची किंवा ओळीनं आली तर राहायचं — तेसुद्धा आपल्याला हवी ती पानं दुसऱ्यापुढं उघडी पडली नसतील तर. न्हाईतर गप टाकून द्यायचं. हातात काय नसताना मोठं लावून खोटा आव आणला, तरी कुणी पानं टाकत न्हाय. हे मी वर्षभर हरून शिकलो.

मग माझ्या थोरल्या वहिनी वारल्या. घरात बसून माणूस वाळत चाललंय, म्हणून मी थोरल्या भावाला, अण्णाला, आमच्या गावाहून, कंग्राळीहून, खेळायला घेऊन यायला लागलो. ते चांगल्या मनानं केलं — खोटं कशाला बोलू?

अण्णा म्हणजे गावचा शहाणा माणूस. बांधाचं भांडण असो, सोयरीक असो, अण्णाला विचारा. मी मास्तरकी केली, शहरात घर बांधलं, तरी गावात मी 'अण्णाचा धाकटा'. आणि चौथ्याच रविवारी अण्णा जिंकला. गप बसून, पानं टाकत टाकत. सुभेदार हसून म्हणाले, "मास्तर, हे तुमच्यापेक्षा तयारीचे निघाले की!" थट्टाच ती. पण झोंबली — लई झोंबली. हितंसुद्धा हाच?

परत जाताना अण्णानं विचारलं, "श्रीपा, माझं काय चुकतंय का रं खेळताना?"

जिंकलेला माणूस विचारत होता! आणि मी काय सांगितलं? "तू लई भितोस अण्णा. जोडी आली की सोडायची न्हाय. मोठं लावायचं, म्हणजे बाकीचे पानं टाकतात."

ठरवून सांगितलं. एकदा न्हाय, त्यानंतर दर रविवारी.

अण्णानं ऐकलं. धाकट्याचं कशाला खोटं धरील? हरत गेला. दुसऱ्या कुणाला वाटलं असतं, पानंच वाईट येतात. अण्णाला वाटलं, आपलं डोकं गेलं. "तू सांगतोस ते कळतंय, पण जमत न्हाय रं," म्हणायचा. तेव्हा मला तोंड उघडता आलं असतं — उघडलं का? न्हाय. मला बरं वाटत होतं. हे पण सांगूनच टाकतो.

उन्हाळा संपता संपता त्यानं यायचं बंद केलं. मग शेतात काय पेरायचं ते पोराला विचारायला लागला. कुणी सल्ल्याला आलं तर, "मला आता काय कळत न्हाय बाबा, दुसरीकडं बघा." पोरानं डॉक्टरला दाखवलं. डॉक्टर म्हणाले, काही झालेलं न्हाय. अण्णाचा डॉक्टरवर विश्वास बसला न्हाय.

मागच्या आठवड्यात कंग्राळीला गेलतो. अण्णाच्या नातीच्या लग्नाची बोलणी होती. पाहुण्यांनी मानानं अण्णाला विचारलं, "तुमचं काय म्हणणं?"

अण्णानं माझ्याकडं हात केला. "ह्याला विचारा. हुशार हाय. मला पत्ते शिकवायला किती धडपडला बिचारा — माझ्याच डोक्यात शिरलं न्हाय."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी घसा साफ केला आणि बोलणी पुढं चालवली.