विहीणबाईंचा तंबू

हॉलंडमधल्या सुट्टीच्या पार्कात मी माझ्या विहिणीला तंबूत टाकलं. चुकून नव्हे, चष्मा लावून, नकाशा मोठा करून, बघून टाकलं. तेव्हा मी बासष्टची होते, म्हणजे अक्कल यायचं वय कधीच उलटून गेलेलं.

मुलगा-सून जर्मनीत. त्या उन्हाळ्यात मी सांगलीहून आणि सुनेची आई साताऱ्याकडच्या तिच्या गावाहून, अशा दोघी एकदमच जाणार होतो. माझी तिसरी खेप, तिची पहिली. तिचे यजमान फौजेतून सुभेदार होऊन आलेले, ते आदल्याच वर्षी गेले होते. सुनेला एवढंच हवं होतं, की आईबरोबर आठवडाभर एका छपराखाली राहायला मिळावं. त्यासाठी महिनाभर शोधून तिनं हे पार्क काढलं होतं. ज्यांना हौस त्यांना तंबू; ज्यांची कंबर तयार नाही त्यांना लाकडी घरं, आत न्हाणीघर, ओटा, गाद्या-चादरींसकट. पोरांना पोहायचा तलाव, घसरगुंड्या, बकऱ्या. तीन खोल्यांचं एक घर तिनं हेरून ठेवलं होतं. एक खोली त्या दोघांना, एक मला, आणि एकीत तिची आई आणि माझी पाच वर्षांची नात.

नात तिच्याकडे? माझ्या पोटात दुखलं. लग्नात त्यांच्याकडून माझ्या धाकट्या नणंदेला मानाची साडी द्यायची राहिली होती, ते मी अजून गिळलं नव्हतं. त्या नणंदेशी मी एरवी बोलतसुद्धा नव्हते, पण मान तो मान!

सांगलीच्या विश्रामबागेतल्या माझ्या सोफ्यावर बसून मी व्हिडिओ कॉलवर कारभार हातात घेतला.

"ते घर तलावापासून फार लांब आहे गं. त्यापेक्षा हे दोन खोल्यांचं बघा, तलावाच्या समोर. नात झोपेल माझ्याजवळ."

"आणि आई?" सुनेनं विचारलं.

"त्यांना पलीकडचा तो तंबू. पलंग काय, गालिचा काय, शेगडी काय! जावयाच्या घरात अवघडतात त्या. वेगळं असलं की मोकळं वाटेल त्यांना."

सुनेनं नवऱ्याकडे पाहिलं. माझा मुलगा म्हणजे दोन बायकांचं वाजायला लागलं की फोन चार्जिंगला लावायला उठणारा माणूस. "आई म्हणतेय तर..." म्हणाला आणि त्यानं बुकिंग करून टाकलं.

तंबूच्या फोटोंत न्हाणीघर नव्हतं. ते नकाशात होतं, तीन वळणं पलीकडे, एक निळा चौकोन. तो मला दिसला होता. विहीणबाईंचे गुडघे दुखतात हेही मला ठाऊक होतं. आता मैत्रिणी परदेशात सुट्टीला निघाल्या की मी मोठ्या शहाणपणानं सांगते, बायांनो, फोटो बघू नका, नकाशा बघा. हे शहाणपण कुठून आलं ते सांगत नाही.

पोचलो तर पाऊस. सुनेनं तंबू पाहिला, मग न्हाणीघराची पाटी पाहिली. विहीणबाईंनी पिशवी खाली ठेवली, एक दोरी हातानं चाचपली, "सैल हाय ही," म्हणाल्या आणि स्वतःच आवळली.

"आई, सकाळी आमच्याकडेच येत जा गं," सून म्हणाली.

"नगं. लेकीच्या सासूच्या दारात टावेल घिऊन उभी ऱ्हाऊ व्हय?"

मग रोज सकाळी त्या छत्री घेऊन, गुडघ्यावर हात ठेवत निघायच्या. मी काचेआड चहा पीत त्यांची वळणं मोजायची. एक, दोन, तीन. काय ती कर्तबगारी! माझं घर तरी कुठलं महाल होतं? आगगाडीचा डबा नुसता. कूस बदलली की कोपर भिंतीवर, आणि नातीच्या लाथा बरगडीत. डोळे उघडले की नात तंबूकडे पळायची. पण सून मात्र तंबूत टेकायची नाही. चहाचा कप आईसमोर ठेवायची आणि खाली मान घालून परत यायची. मायलेकींचं बिनसलं, असं वाटून मला बरं वाटलं. हो, बरं वाटलं.

चौथ्या दिवशी दुपारी सून माझ्यासमोर उभी राहिली.

"नकाशा तुम्ही बघितला होता ना?"

"मला मेलीला कुठला नकाशातला कळतोय?"

"बत्तीस वर्षं भूगोल शिकवलात तुम्ही, आई."

तिनं आपली उशी घेतली, नातीची बाहुली घेतली आणि सरळ तंबूत राहायला गेली. मुलानं चार्जर शोधायला घेतला.

तासाभरानं मी लाडवाचा डबा घेऊन गेले. सून नातीला पोहायला घेऊन गेली होती. विहीणबाई तंबूच्या दारात बसून आम्हा सगळ्यांच्या रात्रीच्या भाजीचे बटाटे सोलत होत्या. मी डबा पुढे केला आणि म्हटलं, "पोरांनी नीट बघून ठरवायला हवं होतं, विहीणबाई." म्हणजे तिथंही खोटंच बोलले.

त्यांनी सुरी थांबवली नाही. म्हणाल्या,

"आवं, तंबूचं मला काय सांगताय? मालकांच्या नोकरीत ह्याच्यापरीस वंगाळ जागंत संसार केलाय म्या. तंबूत ठिवलंसा, ठिवा. पर माझ्या लेकीला माझ्याकडं बघायची लाज वाटाय लागली, चार दिस झालं ती माझ्याम्होरं मान वर करंना. ते मातूर तुमी केलंसा."