पुरात बुडालेली वस्ती आणि गेमवाल्यांचा खोटेपणा

मंडळी, आज दुपारपासून डोकं फिरलंय.

‘तुमच्या निर्णयाने गोष्ट बदलते’ अशी जाहिरात वाचून एक स्ट्रॅटेजी गेम घेतला होता. आज त्यात नदीला पूर आला. गेममधल्या प्रधानाने विचारलं, होड्या कुठे पाठवू, धान्याच्या कोठाराकडे की खालच्या वस्तीत? मी वस्ती म्हणालो. तरी वस्ती बुडालीच.

पुराआधी जतन केलेला खेळ, म्हणजे जुना सेव्ह, उघडून या वेळी कोठार निवडलं. पुन्हा तीच बुडालेली वस्ती, तीच रडारड, एक शब्द वेगळा नाही.

शेजारच्या काकू चहाला आल्या होत्या. त्यांना चिडून हे सांगितलं, तर म्हणाल्या, "माणसं बुडवायचीच व्हती, तर तुला इचारला कशाला रे?"

गेमवाल्यांनो, ठरलेली गोष्ट सांगायची तर सरळ सांगा, मी गुपचूप ऐकेन. विचारल्याचं नाटक करू नका.

मी दासगावचा. पुरात सावित्री नदीचं पाणी घरात शिरलं, तेव्हा आम्ही भाताच्या पोत्यांना हात लावला नाही. काकूंना गुडघ्यांमुळे चढता येत नाही, म्हणून आधी त्यांना खुर्चीसकट आमच्या माळ्यावर नेलं. भात सगळा कुजला.

काकू आज समोर बसून चहा पीत होत्या. निर्णयाने काय बदलतं, हे मला या गेमने शिकवायचं?