सुरूच्या झाडांवर ठेवलेला पाटा

‘हे गेले गो...’ एवढंच तात्यांच्या घरून काकू फोनवर म्हणाल्या. मी तेव्हा बंगळूरला लेकीच्या घरी वाण्याच्या पावतीला चुण्या पाडत बसले होते. हातात कागद आला की माझं हे असंच चालतं, आणि ते तात्यांनीच लावलेलं. आज दीड महिना होत आला. माझी शाळा सातवीतच सुटली, लिहायची सवय नाही, चुकलंमाकलं सांभाळून घ्या. पण एक गोष्ट तात्या असताना सांगायची राहिली, आणि ती सांगितल्याशिवाय त्यांच्याबद्दल दुसरं काही लिहायला हात धजत नाही.

लालबागच्या चाळीत आमच्या खोल्या समोरासमोर. तात्या मालवणकडचे, गिरणीत फोल्डिंग खात्यात. कापडाच्या घड्या घालण्यात उमर गेलेली. आम्ही पाटणकडचे. ब्याऐंशीचा गिरण्यांचा संप लांबला तसे माझे यजमान, तेही गिरणीतलेच, गावी दुसऱ्याच्या रानात राबायला गेले. चाळीतल्या कितीतरी बाया पोरं घेऊन गावाकडे निघाल्या, मला मात्र निघता येईना. माझी मंदा वाकडं पाऊल घेऊन जन्मली होती, आणि परळच्या इस्पितळात दर आठवड्याला तिचं प्लास्टर बदलत. खंड पडला तर पाऊल परत वळेल, असं डॉक्टरांनी बजावलेलं. म्हणजे मुंबईत टिकायलाच हवं, आणि टिकायचं तर काम हवं.

तात्यांनी गिरगावातल्या एका स्टेशनरीवाल्याकडून नाताळ-नववर्षाच्या कार्डांचं काम आणलं होतं. कार्ड उघडलं की आत बर्फातलं झाड उभं राहायचं. तसलं झाड आमच्यापैकी कुणी पाहिलेलं नव्हतं, म्हणून तात्यांनी त्यांच्या किनाऱ्यावरचा सुरू डोळ्यांपुढे ठेवला. हिरव्या कागदाला पंख्यासारख्या चुण्या, वर कापसाचा बर्फ. काकू चेष्टेनं विचारायच्या, ‘सगळा बरा, पण ह्येका नारळ खंय?’ मला कामात घेऊ नका, असंही त्यांनीच सुचवलं होतं, ‘ही घाटावरची, हिचो हात जड.’ तात्यांनी ऐकलं नाही. मला समोर बसवून अंगठ्याच्या नखानं घडी कशी ओढायची ते शिकवलं. म्हणाले, ‘कापड घडी विसरता गो, कागद विसरणा नाय. म्हणान शेवटची घडी दाबायची नाय. ती मोकळी ठेवायची.’

पहिल्या खेपेची सगळी कार्डं तयार झाली त्या दुपारी तात्या युनियनच्या सभेला गेले होते आणि काकू बाजारात. मी गठ्ठ्याकडे बघत बसले. कार्डं फुगलेली दिसत होती. शेठ म्हणेल, हे काय ओबडधोबड... मग मंदाचं काय? शेवटी मीच माझ्या खोलीतला पाटा उचलून आणला आणि गठ्ठ्यावर ठेवला. तात्या सांजेला आले, तेव्हा झाडं चिकटवलेली आतली खळ अजून ओलीच होती. त्यांनी पाटा पाहिला, उचलून परत माझ्या दारात ठेवला. ओली कार्डं उघडली तर फाटतील, म्हणून गठ्ठा तसाच राहू दिला.

दुसऱ्या दिवशी मी तात्यांबरोबर गिरगावात गेले; शेठनं पहिलंच कार्ड उघडलं आणि झाड मधोमध फाटलं. दुसरं फाटलं. तिसरं उघडेचना.

‘ही कोणाची अक्कल?’

मी बोलणार, इतक्यात तात्या म्हणाले, ‘माझीच, शेठ. फोल्डिंग खात्यातला माणूस मी. गठ्ठा दिसला की हात दाबायलाच जातो. चार दिवस द्या.’

शेठ हसला आणि त्यानं चार दिवस दिले. आम्ही रात्री जागून सगळी झाडं नव्यानं उभी केली. त्या दिवशी गिरगावातून परतताना मी रडायला लागले तेव्हा तात्या एवढंच म्हणाले, ‘घरी बोलू नको. काकू तुका कामाक बसू देवची नाय.’ मी बोलले नाही. तो हिवाळा आणि पुढचाही त्या कामावर निघाला, मंदाचं पाऊल सरळ झालं. पण काकू मात्र चारचौघांत तात्यांना टोचत राहिल्या, ‘आठ दिवसांची मेहनत ह्यांनी एका दुपारी चेपली!’ तात्या नुसते हसायचे. आणि मी खाली मान घालून चहा प्यायचे... दरवर्षी.

बाराव्यानंतर मी लालबागला गेले. भेटायला आलेल्या बायकांना काकू तीच गोष्ट सांगत होत्या, हसत आणि डोळे पुसत. मंदा माझ्या शेजारी मांडी घालून बसली होती. मला राहवलं नाही.

‘काकू, पाटा मी ठेवला होता.’

काकूंनी डोळ्यांना लावलेला पदर खाली घेतला. मग म्हणाल्या, ‘इतकी वर्षां मी ह्यांका बोललंय... आणि हे नुसते हसत.’ मी त्यांचे पाय धरायला वाकले, तर त्यांनी पाय मागे घेतले. राग खराच होता.

बायका निघून गेल्यावर काकूंनी तात्यांचा पत्र्याचा डबा माझ्यापुढे सरकवला. आत पिवळे पडत चाललेले हिरवे कागद होते. ‘कर,’ त्या म्हणाल्या. मी चुण्या पाडल्या, नखानं ओढल्या, आणि शेवटच्या घडीशी थांबले. काकू माझ्या अंगठ्याकडे टक लावून बघत होत्या. ती घडी मी मोकळी सोडली आणि कार्ड तात्यांच्या फोटोपुढे उघडून ठेवलं. झाड उभं राहिलं.

काकूंनी वाकून ते नीट पाहिलं, नाक ओढलं आणि म्हणाल्या,

‘ह्येका नारळ खंय?’