गुलामाचं मीच का वाचायचं

"गुलामाचं तू वाच. तुला ते आतून येईल."

असं म्हणून वहिनींनी कागद माझ्या हातात दिले. वहिनी म्हणजे माझ्या मॅनेजरची बायको. परदेशातलं शहर, मरीन परेडचा त्यांचा कॉन्डो फ्लॅट, रविवारची दुपार, आम्ही आठ मराठी माणसं. एक जुनी अमेरिकन कादंबरी वाचायला घेतली होती. माणसं विकत घेऊनही स्वतःला सज्जन समजणाऱ्या गोऱ्यांची टर उडवणारी. त्यातली चार पानं वहिनींनी हौसेनं मराठीत केली होती. त्यांच्या मराठीत मालकीण शुद्ध पुणेरी बोलायची. गुलाम बोलायचा परभणीकडचं.

माझा बाप तसंच बोलायचा. परभणीकडं सालगडी होता तो.

माझी जात मी इथं कुणाला सांगितली नव्हती. पण इथं नोकरीसाठी लागणाऱ्या पासच्या कागदांत शाळा सोडल्याचा दाखला होता, आणि ते कागद मॅनेजरच्या हातून गेले होते. घरी बोलणं झालंच असणार.

मी वाचलं. हे सांगताना तोंड कडू होतं. नुसतं वाचलं नाही, बापाचा हेल काढून वाचलं. "व्हय मालकीणबाई, चुकलं माजं." लोक पोट धरून हसले. एकजण म्हणाला, अगदी ओरिजिनल. मग समोसे खाता खाता, गोरे किती नीच होते यावर सगळ्यांचं एकमत झालं. वहिनींचे तर डोळे भरून आले.

टॅम्पिनीसला घरी आले आणि ओकले. त्यांची किळस आलीच. माझी जास्त आली.

पुढच्या बैठकीत वहिनींनी पुन्हा तेच कागद पुढे केले. मी म्हणाले, "आज मालकीण मी वाचते. गुलामाचं तुम्ही वाचा."

त्या हसल्या. मग हसू ओसरलं. "अगं, मला नाही जमायचं ते. आणि बरंही दिसणार नाही."

"मग मी वाचलेलं बरं कसं दिसलं?"

मॅनेजर मोबाइलमध्ये बघत राहिला. मी कागद टीपॉयवर ठेवले आणि निघाले.

सोमवारी मॅनेजरनं केबिनमध्ये बोलावलं. बायको फार दुखावली आहे म्हणाला. तुझा पास रिन्यू व्हायचाय, टीममध्ये जुळवून घेणारी माणसं लागतात, एक फोन कर, सॉरी म्हण, विषय संपव. आवाज अगदी मऊ. अंगावरून पाल गेल्यासारखं झालं.

"फोन करणार नाही," मी म्हणाले. "आणि तुम्ही आत्ता बोललात ते एचआरला लेखी कळवणार आहे."

जागेवर येऊन लगेच लिहिलं. कोण, कुठे, कुठल्या शब्दांत. एकही शब्द सौम्य केला नाही.

पासचं अजून काही कळलेलं नाही. राहील किंवा जाईल. गेला तर सामान बांधीन. सॉरी म्हणणार नाही. पास वाचत असेल तरी नाही.